मुंगीच्या जेवणाचा तक्ता

३ फेब्रुवारी, सोमवार

नऊ किलो शंभर. नोव्हेंबरात नऊ किलो शंभर होतं, आजही नऊ किलो शंभर. काटा बिघडलाय, मी डॉक्टरणीला म्हणाले. तिने काट्यावर आपली पर्स ठेवून दाखवली, काढून दाखवली. काटा ठीक आहे. बिघडलंय ते आमच्याकडेच.

मुंगी, माझ्या लेकीची लेक, दिवसभर माझ्याकडे असते, आता बावीस महिन्यांची. जमिनीवर पडलेला कण न् कण उचलून कुठेतरी नेऊन ठेवते म्हणून तिचं नाव मुंगी पडलं. वजनही मुंगीचंच ठेवायचं ठरवलेलं दिसतंय बाईसाहेबांनी. डॉक्टरीण म्हणाली – तीन जेवणं, मधे दोन वेळा खाऊ, दूध दोन कपांच्या वर नाही. आणि आजी, चमचा घेऊन तिच्या मागे मागे फिरायचं नाही. तिचं तिला खाऊ द्या, सांडलं तर सांडू दे. दर शनिवारी वजनापुरतं आणा. १७ मार्चला मी पुन्हा तपासते. तोवर अडीचशे-तीनशे ग्रॅम तरी वाढायला हवं.

येताना लेक जिन्यात थांबून म्हणाली, "आई, रागावू नकोस. पण तुला दोघांचं होत नाहीये."

दोघांचं म्हणजे मुंगीचं आणि ह्यांचं. ह्यांना झटका आल्याला आठ महिने झाले. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली, आणि आता जेवण सोडल्यासारखंच केलंय.

लेकीच्या छापखान्याजवळ पाळणाघर आहे, तिथे १ एप्रिलपासून जागा आहे म्हणे. १७ मार्चला वजन वाढलेलं नसलं तर मुंगी तिकडे. सकाळी तिथे, संध्याकाळी तिथूनच घरी. माझ्याकडे यायचं कारणच उरत नाही. जावई मालट्रकवर, महिन्यातले वीस दिवस रस्त्यात, त्याचं मत कोण विचारतंय!

एकतीस वर्षं मी इस्पितळाच्या पथ्याच्या स्वयंपाकघरात काढली. रोज एकशे ऐंशी ताटं. बिनमिठाची वेगळी, बिनसाखरेची वेगळी, दात नसलेल्यांची वेगळी. आणि आता एका नऊ किलोच्या पोरीपुढे हात टेकायचे? बघतेच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तक्ता तयार झाला. पट्टीने रेघा मारल्या, शिसपेन्सिलीने. पाच रकाने – पोट भरणारं (भात, पाव, बटाटा), अंग धरणारं (अंडं, डाळ, मासा), रंगाचं (गाजर, भोपळा, पालक, वाटाणे), फळ, आणि दूध-दही. दुपारच्या जेवणात यातलं किमान चौघांनी हजेरी लावायचीच. प्रमाण सोपं आहे, वयाच्या एका वर्षाला प्रत्येक जिन्नसाचा एक भरलेला चमचा. मुंगीचे दोन. लोक वाटीभर भात पुढे ठेवतात आणि पोर खात नाही म्हणून रडतात. अहो, तिचं पोट तिच्या मुठीएवढं!

पालक असेल त्या दिवशी फळ आंबट द्यायचं, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागतं. नवी भाजी एकदा थुंकली म्हणून सोडायची नाही, दहा वेळा पुढे ठेवायची. हे मी शिकाऊ पोरींना सांगून सांगून घसा बसवला आहे.

शेवटचा रकाना – 'परत आलेलं'. स्वयंपाकघरात आमचा एकच कायदा होता. गेलेल्या ताटावर विश्वास ठेवायचा नाही, आलेल्या ताटावर ठेवायचा. रिकामं आलं तर जेवण झालं. भरलेलं आलं तर डॉक्टरांना कळवायचं. रोग्याचं तोंड काय सांगतं ते विचारायचंही नाही, रोगी खोटं बोलतात.

तक्ता फ्रीजवर लावला. ह्यांच्या खोलीतून दिसतो. ह्यांनी एकदा पाहिला आणि डोळे मिटले.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तिन्ही वाट्या रिकाम्या! भोपळ्याचीसुद्धा!

८ फेब्रुवारी, शनिवार

आठवडा कसा छान गेला. मुंगीचं जेवण ह्यांच्या खोलीतच ठेवते. खिडकीपाशी बुटकं स्टूल आहे, त्यावर वाटी, आणि शेजारच्या पलंगावर हे, पाठीला दोन उशा लावून बसलेले. म्हणजे दोघं एका ठिकाणी. मी स्वयंपाकघरात ह्यांचं करते. डॉक्टरणीने सांगितल्याप्रमाणे मागे मागे फिरत नाही, डोकावतसुद्धा नाही. आवाज आला नाही की समजायचं, चाललंय. दहा-पंधरा मिनिटांनी गेलं की वाटी चकचकीत, आणि बाईसाहेब चमचा हलवत उभ्या.

वजन मात्र नऊ किलो शंभर. ठीक आहे, आठवड्यात काय दिसणार.

ह्यांची वाटी मात्र रोज गेली तशी परत येते. मी चमचा पुढे केला की ओठ घट्ट. दूध तेवढं चार घोट, तेही मान वळवून. इस्पितळाचे डॉक्टर म्हणाले होते, गिळायला काही अडचण नाही, ताठ बसवून मऊ द्या, सगळं जाईल. जाईल, पण तोंड उघडेल तर ना! असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल असं गेल्या महिन्यात त्यांनी बजावलंय.

मला ठाऊक आहे काय आहे ते. लाज. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस. ह्या भागातली अर्धी दुकानं ह्यांच्या अक्षरांनी उभी आहेत. अक्षर असं की पट्टी लावून मोजावं, कुठे केसभर फरक नाही. बोलणं अडखळायला लागलं, समोरच्याला कळेना, म्हणून बोलणंच बंद केलं. हातापायांचा व्यायाम घ्यायला येते त्या व्यायामवालीने लिहायला पाटी दिली, तर ती उपडी करून ठेवली. आणि आता माझ्या हातून भरवून घ्यायची लाज. मी बायको आहे, परकी आहे का? कधी कधी असा संताप येतो की वाटी आपटावी. लिहून टाकलं, बरं वाटलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अंड्याचा बेत बदलला. उकडलेल्यातलं पिवळं ती बोटाने कोरून भिंतीला लावते. आता फेटून, दुधात, लोण्यावर मऊ. वाटी रिकामी आली. पाचही रकाने भरले. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. दुसरं कोण थोपटणार.

१५ फेब्रुवारी, शनिवार

नऊ किलो शंभर.

नर्सबाई म्हणाल्या, "आजी, नक्की खाते ना?" मी तक्ताच पुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि म्हणाल्या, "अहो, एवढं तर माझा सहा वर्षांचा मुलगा खात नाही." मला त्यात टोमणा दिसला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

लेक सकाळी मुंगीला सोडताना म्हणाली, "काल रविवारी माझ्याकडे दोनदा मागून खाल्लं हिने." सहज म्हणाली. म्हणजे आईकडे भूक लागते आणि आजीकडे लागत नाही?

मी म्हणाले, "माझ्याकडे वाटी रिकामी असते."

"हो ना आई. मग जातं कुठे?"

डॉक्टरणीने जंतांच्या आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आहेत. एवढ्याशा हातातून रक्त काढायचं. आजीच्या तक्त्यावर विश्वास, म्हणून पोरीला सुई.

१९ फेब्रुवारी, बुधवार

तपासण्या स्वच्छ. जंत नाहीत. रक्त थोडं कमी, फार नाही. मुंगीने सुईवाल्या बाईंना आपल्या हातातला पाव देऊ केला. त्यांनी नको म्हटलं तर रडली. सुईला नव्हती रडली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

व्यायामवाली आज ह्यांना पलंगावरून खुर्चीत घेताना म्हणाली, "आजोबा जड झालेत हं!" मला हसूच आलं. चार घोट दुधावर जड होतो माणूस? म्हटलं, तुझा हात दुखावला असेल बघ.

२२ फेब्रुवारी, शनिवार

नऊ किलो पन्नास. कमी झालं!

लेकीने पाळणाघराचा अर्ज भरलाय. मला दाखवला नाही, पिशवीतून डोकावत होता. मी पाहिला आणि तिने पाहिलं मी पाहिल्याचं. मुंगी जिन्याच्या प्रत्येक पायरीवर बसत बसत उतरली.

घर मुंगीशिवाय कसं असेल ते मला माहीत आहे. गेल्या उन्हाळ्यात इस्पितळातून आल्यावरचे पहिले पंधरा दिवस ती नव्हती. घड्याळ तेवढं ऐकू यायचं. मी आणि हे, आणि भरून परत येणारी वाटी. मला ते पुन्हा नको आहे. पोरीच्या भल्यासाठी म्हणून मी ओरडते, तक्ते करते, पण खरं सांगायचं तर मला ती हवी आहे, माझ्यासाठी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज पाहिलं.

गाजर किसताना बोट कापलं, पट्टी ह्यांच्या खोलीतल्या कपाटात. अनवाणी होते म्हणून चाहूल लागली नसावी. दार अर्धं लोटलेलं.

मुंगी स्टुलावर उभी होती. वाटी पलंगावर, आणि वाटीच्या जागी ती उभी! एका हाताने पलंगाची कड धरलेली, दुसऱ्या हातात चमचा. स्वतःचं तोंड हे एवढं उघडून म्हणते, "आ." आणि ह्यांनी तोंड उघडलं. माझ्यापुढे जे कधी धड उघडलं नाही ते तोंड. तिने चमचा आत घातला, थोडं गालावर, थोडं मिशीवर. मग फ्रॉकचा घोळ उचलून ह्यांची हनुवटी पुसली. पुन्हा वाटीत चमचा. पुन्हा, "आ."

मधेच एकदा चमचा स्वतः चाटला. तेवढंच तिचं जेवण.

मी तशीच उभी राहिले. बोटातून रक्त गळत होतं. भोपळा, अंडं, लोण्यातला भात, दही, आंबट फळ, पालक – तीन आठवडे मी मापून मापून जे घातलं ते सगळं मुंगीने उचलून तिकडे नेऊन ठेवलं होतं. आणि माझा कायदा! रिकामं आलं तर जेवण झालं. एकतीस वर्षं मी हे शिकवलं. कोणाचं जेवण झालं, हे विचारायचं मला एकदाही सुचलं नाही.

ठसका लागला असता तर? दोघांत मिळून धड एक माणूस नाही तिथे!

आत न जाता मागे फिरले. पट्टी लावलीच नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

वाटी रिकामी आली. तक्त्यात काय लिहायचं ते कळेना, रकाना कोरा सोडला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

पूर्ण दिवस विचार करून ठरवलं की हे थांबवायचं. पोरीच्या ताटातलं पोरीनेच खायला हवं. मुंगीला स्वयंपाकघरात बसवलं, दार लावून घेतलं. तिने दोन चमचे खाल्ले, तिसरा हातात घेतला आणि निघाली. दार बंद. मग जे रडणं सुरू झालं! चमच्यातलं सांडू न देता रडत होती, हे विशेष. "बा, बा," एवढंच. आजोबांना ती बा म्हणते.

ह्यांच्या खोलीत मी वाटी घेऊन गेले. ओठ घट्ट. दूधही नाही. भिंतीकडे तोंड केलं.

म्हणजे असं आहे तर. हिला खाऊ घालू दिलं तर हिचं वजन जाणार आणि ही जाणार. नाही घालू दिलं तर ह्यांना नळी. कुठूनही गेलं तरी माझंच घर ओस.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

हुशारी केली – दोन वाट्या दिल्या. एक तिची, एक ह्यांची. तिने ह्यांची भरवली, मग स्वतःचीही भरवायला घेतली. ह्यांचं पोट भरलं, तोंड मिटलं. मुंगी चिडली, वाटी जमिनीवर. मी भोपळा पुसत बसले. हे माझ्याकडे बघत होते. मला कळलंय हे आता त्यांनाही कळलंय. डोळ्यांत काय होतं ते मी वाचलं नाही, पुसत राहिले.

१ मार्च, शनिवार

नऊ किलो पन्नास. पुन्हा तेच.

लेकीला सांगून टाकलं. जिन्यातच, मुंगी कडेवर. वाटलं होतं, चिडेल. म्हणेल की आई, तू महिनाभर बघितलं नाहीस? म्हणणार होतीही, तोंड उघडलं होतं. मग पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाबा खातात?"

"खातात. तिच्या हातून."

"किती?"

"सगळं. भोपळासुद्धा."

ती रडायला लागली. मुंगीने लगेच तिच्या तोंडात बोट घातलं, काही आहे का बघायला. आम्ही दोघी हसलो, पण रडणं चालूच होतं तिचं.

जाताना म्हणाली, "आई, मला बाबाही हवेत आणि हिचं वजनही. मी काय करू सांग." १७ तारीख तिने तशीच ठेवली आहे. तेही बरोबरच आहे तिचं.

३ मार्च, सोमवार

आज मी वाईट वागले.

नवा तक्ता केला. एकच ताट, दोघांचं. तिने ह्यांना भरवायचं, ह्यांनी तिला. डावा हात चांगला आहे, उशी सरळ करतात, चादर ओढतात, मग चमचा का नाही? मी चमचा डाव्या हातात दिला. बोटं मिटली नाहीत. खाली पडला. पुन्हा दिला. ह्यांनी मुद्दाम सोडला. मला दिसलं, मुद्दाम.

मी म्हणाले, "नातीच्या तोंडचा घास खाताना लाज वाटली नाही? आता तिला एक घास द्यायचा तर हात गळाला?"

आवाज चढला होता. मुंगी दचकली. ह्यांचा चेहरा – लिहिवत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात मी असं कधी बोलले नव्हते. खोलीबाहेर येऊन ओट्याला धरून उभी राहिले. माफी मागायला आत गेले तर डोळे मिटलेले. जागे होते.

४ मार्च, मंगळवार

आत गेलेच नाही. ताट स्टुलावर ठेवलं, दोन चमचे ठेवले, आणि दाराबाहेर जमिनीवर बसले. फटीतून बघत. पथ्याच्या स्वयंपाकघराची मुख्य, चोरासारखी!

मुंगीने "आ" केलं. ह्यांनी तोंड उघडलं नाही. तिने पुन्हा केलं. नाही. मग तिने चमचा खाली ठेवला, दुसरा उचलला, ह्यांच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडली, त्यात चमचा ठेवला आणि बोटं एकेक करून मिटली. जाम वेळ लागला तिला. बडबड चालू होती, एक अक्षर समजलं नाही. मग स्वतःच तोंड उघडून उभी राहिली. वाट बघत.

उभीच राहिली. लाळ गळायला लागली.

हात उचलला ह्यांनी. ताटात गेला, भातात घुसला, वर येईपर्यंत निम्मं चादरीवर. नाकाला लागलं तिच्या. तिने जिभेने ओढून घेतलं आणि ताबडतोब, "आ" – ह्यांच्यासाठी. सांडण्याचं तिला काय! तिचं स्वतःचं तर कानापर्यंत जातं.

सात घास मोजले मी तिच्या तोंडात गेलेले. मग दिसेनासं झालं, डोळे पुसायला पदर शोधत बसले.

७ मार्च, शुक्रवार

आता नियम त्यांनीच केलेत. एक तुला, एक मला. ह्यांनी घेतला नाही तर ती घेत नाही, तिने घेतला नाही तर हे घेत नाहीत. जेवण पाऊण तास चालतं. चादरी रोज धुते. भिंतीवर अंडं, खिडकीवर अंडं. आज व्यायामवाली घसरता घसरता वाचली, केळं.

तक्ता पुन्हा बदलला. चमच्याला चिकटून राहील असं हवं, पातळ नको. डाळ घट्ट आटवून. बटाट्यात वाटाणे कुस्करून. मासा काटे काढून दह्यात. दोघांनाही चालेल इतकं मऊ, पण चावायची सवय राहील इतकं जाड. मुंगीचे दोन चमचे, ह्यांचे सहा, आणि सांडायचे चार. सांडायचे चार हा रकाना इस्पितळात नव्हता.

८ मार्च, शनिवार

नऊ किलो एकशे पन्नास. नर्सबाईंनी पुन्हा ठेवून बघितलं, मीच सांगितलं बघायला. शंभर ग्रॅम!

११ मार्च, मंगळवार

पालक नवव्यांदा ठेवला. मुंगीने नेहमीप्रमाणे थुंकला. ह्यांनी स्वतः एक चमचा खाल्ला, आणि असं तोंड केलं – डोळे मोठे, भुवया वर, एका बाजूने का होईना पण हसणारं. मुंगी बघत राहिली. मग तोंड उघडलं.

ह्यांना पालक आवडत नाही. लग्नापासून कधी खाल्ला नाही. दाराबाहेर बसून मी तक्त्यात पालकापुढे खूण केली.

१४ मार्च, शुक्रवार

माफी मागितली. त्या सोमवारची. ह्यांनी डाव्या हाताने माझा हात थोपटला, हाताला दही होतं. एवढंच. मला पुरलं.

आता मी दाराबाहेर बसत नाही. आत बसते, लांब, खुर्चीत. ठसक्याची भीती अजून आहे म्हणून ह्यांची पाठ ताठ आहे ना तेवढं बघते. बाकी मला तिथे काही काम नाही. अख्खं आयुष्य लोकांना वाढण्यात गेलं, कोणी जेवताना नुसतं बसून बघायची सवयच नव्हती.

१७ मार्च, सोमवार

सकाळी मुंगीला लवकर उठवून आणलं लेकीने. डॉक्टरणीकडे आमचा नंबर चौथा.

नऊ किलो चारशे वीस.

मी पुन्हा म्हणाले, काटा बघा. डॉक्टरीण पर्स उचलायला लागली, मग हसली. म्हणाली, "काय दिलंत?" मी तक्ता काढला. तिने सगळे रकाने वाचले, शेवटी म्हणाली, "हे 'सांडायचे चार' काय आहे?" लेकीनेच सांगितलं सगळं. डॉक्टरीण म्हणाली, तक्त्याची एक प्रत मला द्याल का. एकतीस वर्षांत कोणत्याच डॉक्टरने मागितली नव्हती!

बाहेर आल्यावर लेकीने पिशवीतून अर्ज काढला, घडी केली आणि मुंगीच्या हातात दिला. मुंगीने तो आधी चावून बघितला. "राहू दे तुझ्याकडेच," लेक म्हणाली, मला की मुंगीला कळलं नाही. "पण आई, दमलीस तर सांगायचं. लपवायचं नाही." सांगेन म्हटलं.

घरी आल्यावर ह्यांना आकडा सांगितला. ह्यांनी तीनदा मान हलवली. मग बोटाने स्वतःच्या पोटाकडे दाखवलं. ह्यांचंही वजन करायचं राहिलंच!

१८ मार्च, मंगळवार

व्यायामवालीने तिच्याकडच्या काट्यावर घेतलं. छप्पन्न किलो. जानेवारीत बावन्न होते. नळीचं नाव आता कोणी काढत नाही.

उद्यासाठी भोपळा आणलाय. मोठा मिळाला, तीन दिवस जाईल.

२० मार्च, गुरुवार

तुम्ही दोघी दुपारच्या झोपला आहात. डाव्या हाताने लिहितो आहे, अक्षराला हसू नकोस. वही तू खिडकीत ठेवतेस, तिथवर हात पोचतो. सगळी वाचली.

सगळं बरोबर लिहिलंस, एक सोडून. तुझ्या हातून खायची मला लाज वाटत नव्हती. मी जेवणच ठरवून बंद केलं होतं. तुझी सुटका व्हावी म्हणून.

मुंगीला ते समजावून सांगता येईना.

उद्या भोपळा नको. आम्हा दोघांनाही कंटाळा आला आहे.